वारसा आणि वहिवाट

उपनगरातल्या आमच्या नित्याच्या बोलण्यात एक प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे विचारला जातो की, त्यातील शब्दयोजनेकडे कोणाचे ध्यान जात नाही यात नवल नाही. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यावर, घाटकोपरच्या फलाटावर किंवा बोरिवलीच्या भाजीबाजारात, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झालेली स्त्री भेटली, की ओळखीची बाई पहिली चौकशी करते ती ही, ‘मग आता बाळाकडे कोण बघतं?’ न्हाऊमाखू कोण घालते, भरवते कोण, लंगोट कोण बदलते, रडू लागले तर खांद्यावर घेऊन येरझारा कोण घालते, ही सारी कष्टाची कामे त्या एका ‘बघणे’ या क्रियापदात सामावलेली असतात. आणि जिच्याकडे बाळाची ही सारी उस्तवार आहे ती त्या बाळाकडे पाहत असणारच, किंबहुना उस्तवार आणि अवलोकन या दोन निराळ्या गोष्टी नाहीतच, असा निर्णय आपल्या भाषेने कोणत्याही शास्त्रज्ञाला न विचारता फार पूर्वी देऊन ठेवलेला आहे. शब्दांच्या काटेकोर अर्थावर चालणाऱ्या महसूल खात्यात चौतीस वर्षे काढूनही या क्रियापदाचा अर्थ मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळला, आणि तो कसा कळला हे सांगण्यासाठी हा लेख मी लिहीत आहे.

माझा मुलगा १९८८ साली जन्मला. त्या काळी मी सकाळी साडेसातच्या सुमारास घर सोडीत असे आणि फोर्टातील दप्तरातून रात्री आठ-साडेआठला परतत असे. तो उठण्यापूर्वी मी गेलेला आणि मी येईपर्यंत तो निजलेला, त्यामुळे आम्हा बापलेकांची खरी गाठ रविवारीच पडे. एखाद्या रविवारी संध्याकाळी पत्नी त्याच्याकडे पाहून म्हणे, ‘आज याचे डोळे जड दिसताहेत’, आणि मध्यरात्री त्याचे अंग तापाने फणफणलेले असे. मला मात्र त्याच्या मुद्रेत सकाळपासून यत्किंचितही फरक दिसलेला नसे. आईच्या काळजाला जे कळते ते बापाच्या डोळ्यांना कळायचे नाही, असे मी मोठ्या आदराने म्हणत असे. त्या आदराने पत्नीचा गौरव किती झाला हे मला सांगता येत नाही. माझी स्वतःची त्या मुलाच्या चेहऱ्यापासून सुटका मात्र त्याने पुरती झाली.

गेल्या वर्षी माझी नात सहा महिन्यांची झाली, सुनेची सव्वीस आठवड्यांची रजा सरली, आणि ती लोकलने घाटकोपरपर्यंत व तेथून मेट्रोने अंधेरीच्या आपल्या कचेरीत पुन्हा जाऊ लागली. बाळाकडे आजी बघणार, हे घरात कोणी न ठरवताच ठरलेले होते. परंतु नेमके त्याच महिन्यात पत्नीच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला छिद्र पडल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडण्यात आला, आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून दहा दिवस मान खाली घालून बसण्याचा आणि पालथे निजण्याचा हुकूम तिला डॉक्टरांनी दिला. अशा रीतीने घरातील दोन माणसांपैकी जिला बघता येत होते तिला काही दिसेनासे झाले, आणि ज्याला दिसत होते त्याला बघता येत नव्हते.

पहिल्याच सकाळी आतल्या खोलीतून, उशीत दडलेल्या तोंडाने, तिने विचारले, ‘अहो, कशी दिसतेय ती?’

‘बरी आहे’, मी म्हणालो.

‘बरी म्हणजे कशी? ओठ ओले आहेत का? डोळ्यांच्या कडा लाल आहेत? हात तोंडाशी नेते की कानाशी? हाक मारली तर आधी डोळे वळवते की मान?’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मूल माझ्या मांडीवर होते, खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता, माझ्या दृष्टीत दोष नव्हता. आणि तरीही फरशीखेरीज जिला काही दिसत नव्हते तिच्या प्रश्नांत जेवढा त्या मुलीचा चेहरा होता तेवढा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. त्या दहा दिवसांत मी त्या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून पाहू लागलो. दूध पाजताना, नाक पुसताना, टाळूला तेल लावताना, पेंगुळलेल्या डोळ्यांवरून हात फिरवताना मला ती थोडीथोडी दिसू लागली. आठव्या दिवशी, पत्नीने काही विचारण्यापूर्वीच, मी दारातून सांगितले की आज उजवा गाल लाल आहे, लाळ जास्त गळते आहे आणि ती खालच्या हिरडीवरून सारखी जीभ फिरवते आहे. ‘दात’, पत्नी म्हणाली. त्यानंतर चौथ्या दिवशी तो दात बोटाला लागला.

ज्यांचा महसुलाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी येथे थोडे विषयांतर करतो. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो उतारा वस्तुतः दोन निराळ्या नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमीन कोणाच्या नावची, वारसाने वा खरेदीने कोणाकडे आली, ते त्यात असते. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्या जमिनीत त्या वर्षी काय पेरले गेले ते त्यात लिहितात, आणि तिच्यासाठी शेतावर प्रत्यक्ष जाऊन जी तपासणी करायची तिला आमच्या खात्यात ‘पीक पाहणी’ असे नाव आहे. मालकी आणि वहिवाट यांत तफावत पडली की तंटे उभे राहतात, आणि १९४८ च्या कूळ कायद्याने व पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने या राज्यात जे काही घडवून आणले, ते जमीन कसणाऱ्याच्या वहिवाटीचा मान राखण्यासाठीच होते. गोराई-मनोरीकडच्या नोंदींपासून मुलुंडच्या मालमत्ता पत्रकांपर्यंत हे कागद मी आयुष्यभर हाताळले. बाळाचा चेहरा वाचण्याचे ज्ञान नमुना सातमध्ये, आईच्या नावावर, जन्मतःच दाखल झालेले असते अशी माझी समजूत होती. आता मला वाटते की ती नोंद नमुना बारातली आहे.

यात वारशाचा भाग मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली असे प्रतिपादन केले की, शरीराच्या मानाने मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, चेहऱ्याच्या मध्याखाली असलेले मोठे डोळे, फुगीर गाल, इवलेसे नाक व हनुवटी, ही लक्षणे दिसताच प्रौढ माणसात वात्सल्याची प्रेरणा जागी होते, मग ते पोर माणसाचे असो की प्राण्याचे. आपल्याकडे या साऱ्या लक्षणांना मिळून ‘बाळसे’ हा एकच गोड शब्द आहे, आणि बाळसेदार मुलाला दृष्ट लागते म्हणून त्याच्या गालावर तीट लावणाऱ्या आजीला लोरेन्झचे सूत्र अवगतच होते. सर्वांच्या नजरा तेथे खिळतात हे ठाऊक होते म्हणूनच तर ती तीट. २००८ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी प्रौढांना अनोळखी बाळांचे आणि अनोळखी प्रौढांचे चेहरे दाखवून मेंदूतील हालचालींची नोंद घेतली, तेव्हा बाळाचा चेहरा समोर येताच सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शात, म्हणजे आपण काय पाहतो आहोत याचा विचार मनात येण्याच्याही आधी, डोळ्यांच्या खोबणीवरील मेंदूच्या भागात एक विशिष्ट चेतना उमटते आणि प्रौढांच्या चेहऱ्यांना ती तशी उमटत नाही, असे त्यांना आढळले. ही मनुष्यजातीची वडिलार्जित मिळकत. आगगाडीच्या डब्यात कोणाच्याही कडेवरचे मूल दिसले की साऱ्या बाकाची नजर तिकडे वळते, ती या मिळकतीच्या बळावर.

पण नजर वळणे म्हणजे दिसणे नव्हे. त्या डब्यातल्या बाकाला ‘एक बाळ’ दिसते; आईला ‘हे’ बाळ, आणि तेही कालच्यापेक्षा आज निराळे असलेले, दिसत असते. मिलान येथील संशोधकांनी २००९ साली हा भेद फार सुबकपणे तपासला. नवजातांशी संबंध न आलेल्या प्रौढांना मोठ्या माणसांचे चेहरे जितक्या सहज वेगळे ओळखता येतात तितके नवजातांचे येत नाहीत, त्यांना सारी तान्ही मुले सारखीच भासतात. प्रसूतिकक्षात रोज काम करणाऱ्या परिचारिकांत मात्र ही उणीव कमी झालेली होती. त्या परिचारिका त्या मुलांच्या माता नव्हत्या. त्यांच्यापाशी होती ती नुसती वहिवाट. २०१३ सालच्या एका फ्रेंच अभ्यासाने आपल्या बाळाचा आवाज इतरांच्या रडण्यातून ओळखण्याच्या कामी आई आणि बाप यांची तुलना केली, आणि जे बाप दिवसाला चार तास किंवा अधिक आपल्या मुलासोबत असत ते आयांच्या बरोबरीने उतरले. मागे पडले ते ज्यांचा सहवास त्याहून कमी होता ते. माझे साडेसात ते साडेआठ ज्यांना आठवत असेल त्यांनी येथे हिशेब करावा.

या विषयातील सर्वांत विचारप्रवर्तक काम मला इस्राएलच्या बार-इलान विद्यापीठातील रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रथमच पालक झालेल्या ८९ जणांचा समावेश होता. मुलाचे संगोपन मुख्यतः जिच्याकडे आहे अशा माता, मदतनीस म्हणून हातभार लावणारे त्यांचे पती, आणि घरात आई नसल्यामुळे संगोपनाचा सारा भार ज्यांनी स्वतः उचललेला आहे असे समलिंगी पिते, असे तीन गट होते. प्रत्येकाला आपल्याच बाळासोबतची चित्रफीत दाखवण्यात आली आणि मेंदूचा आलेख काढण्यात आला. मातांमध्ये भावनेच्या व सावधतेच्या केंद्राची, बदामाच्या आकाराच्या त्या लहानशा भागाची, चेतना प्रबळ होती. मदतनीस पित्यांमध्ये दुसऱ्याच्या मनातले ताडून पाहणाऱ्या, कानामागच्या बाजूच्या एका भागाची. ज्या पित्यांवर मुख्य भार होता त्यांच्यात मात्र दोन्ही जागे होते, आणि पिता कोणत्याही गटातला असो, तो जितका वेळ प्रत्यक्ष संगोपनात घालवीत असे तितका या दोन केंद्रांतील दुवा बळकट आढळत होता. गर्भधारणा, प्रसूती आणि स्तनपान यांनी आईच्या शरीराला एक राजमार्ग तयार करून दिलेला असतो हे खरेच. परंतु ज्याला तो राजमार्ग लाभला नाही त्याच्यासाठी रोजच्या पायांनी पडणारी एक पाऊलवाट असते, आणि तीही त्याच गावी पोहोचते. मला हा सगळा शोध वाचून आनंद झाला, आणि लगेच १९८८ आठवून वाईट वाटले.

या बाबतीत परदेशी प्रयोगशाळांपेक्षाही मोठा दाखला आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात तेथील ३९ गावांत, गावातल्याच, बेताचे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि घरातल्या घरात नवजात बालकाची निगा राखण्याची पद्धत रुजवली. या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत उतरली. औषधे, इंजेक्शन, वजनकाटा, उबदार झोळी, हे सारे त्या यशात होतेच. पण जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी त्या स्त्रियांना जी लक्षणे शिकवली गेली त्यांतील पहिल्या दोहोंची घडण पाहून मी थांबलो. ‘बाळ क्षीण रडते’ असे ते लक्षण नाही. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले किंवा थांबले, आधी नीट ओढणाऱ्या बाळाचे दूध ओढणे मंदावले किंवा थांबले, असे ते आहे. ‘आधी’ या एका शब्दावर सारा भार आहे. ज्याने त्या बाळाला आधी पाहिलेले नाही, तो कितीही विद्वान असो, त्याच्यापुढे हे लक्षण उभेच राहत नाही. आरोग्यदूत पहिल्या दिवसापासून पुनःपुन्हा त्या घरी जात होती, आणि तिच्या फेऱ्यांच्या मधल्या तासांत आई व आजी पाहत होत्या, म्हणून ‘आधी’ आणि ‘आता’ यांची रुजुवात घालता येत होती. पीक पाहणी एका हंगामात एकदा करून भागते. बाळाची पाहणी तशी भागत नाही.

भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाच्या मुखात विश्व दिसल्याची कथा सर्वांना माहीत असते ती माती खाल्ल्याची. पण तिच्या आधी एकदा, दूध पिऊन झाल्यावर, यशोदा त्याचे हसरे मुख कुरवाळीत असता तो जांभई देतो आणि त्या जांभईत तिला आकाश, सूर्य, चंद्र, पर्वत आणि नद्या दिसतात. जन्म देणारी देवकी मथुरेला होती. हे दर्शन पुराणकारांनी जिला दिले ती रोज पाजणारी, पुसणारी, निजवणारी होती, आणि तेही कोणत्या व्रताच्या वा तपाच्या शेवटी नव्हे, तर पाजण्याच्या कामाच्या मध्यावर दिले, याचे मला अलीकडे फार महत्त्व वाटते.

आता आमच्या उपनगरांकडे वळतो. येथे ही वहिवाट कोणाकोणाच्या नावे चालते ते पाहिले म्हणजे मन जड होते. बाळंतिणीला व बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई सकाळपासून तीन-चार घरे करते. पायांवर पालथ्या घेतलेल्या मुलाच्या नुसत्या मानेवरून त्याचे पोट ठीक आहे की नाही ते सांगते, आणि तिचे स्वतःचे तान्हे त्या वेळी वस्तीत आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. घराघरांतून चालणाऱ्या पाळणाघरातल्या काकूंना आठ मुलांचे आठ तोंडवळे पाठ असतात, आणि कोणते मूल रडण्याआधी खालचा ओठ कसा काढते हे त्या मुलाच्या बापाआधी त्यांना ठाऊक असते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास स्त्रियांची लोकल सुरू झाली. त्या गाडीतून उतरून धावत पाळणाघर गाठणाऱ्या आणि दारातच मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून दिवसभराचा हिशेब त्यावरून वाचू पाहणाऱ्या कितीतरी स्त्रिया मी पाहिल्या आहेत. इमारतींच्या बांधकामांवर मजूर आया विटा वाहत असता त्यांची मुले सावलीला, कोणाच्या तरी नजरेखाली असावीत म्हणून मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत जे फिरते पाळणाघर सुरू केले, ते १९७२ पासून मुंबईतही चालू झाले. ज्या उंच इमारतींत आज आम्ही राहतो त्यांच्या पायाशी अशी एखादी झोळी टांगलेली होती काय, हे आम्ही कोणी विचारलेले नाही.

कायद्याने आईला अवसर देण्याची तजवीज केली, ती या शहराच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार केला, १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला, १९६१ साली तो हक्क देशभर आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजेची मुदत सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असावी, असेही त्यात आले. बापाच्या वाट्याला काय आले? केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस. खासगी नोकरीत मालकाच्या मर्जीवर. पंधरा दिवसांत वहिवाट बसत नाही. पितृत्वाची रजा ही आईला मदत म्हणून मागितली जाते आणि म्हणूनच ती ऐच्छिक समजली जाते. माझे म्हणणे असे की ती बापाला दृष्टी यावी म्हणून द्यावयाची आहे, आणि ती न देणे हे त्याच्यापासून एक ज्ञानेंद्रिय राखून ठेवण्यासारखे आहे. जमिनीत एकाची वहिवाट वाढली की दुसऱ्याची आक्रसते. मुलाच्या बाबतीत तसे होत नाही. एकाच चेहऱ्यावर आई, बाप, आजी आणि पाळणाघरातल्या काकू अशा चौघांची संपूर्ण वहिवाट एकाच वेळी चालू शकते, आणि कोणाचाही हिस्सा कमी होत नाही.

आईच्या एकटीच्या वहिवाटीत एक धोकाही आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे २०१० साली झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, गरोदरपणाच्या आरंभी स्त्रियांचे लक्ष रडवेल्या बाळाच्या चेहऱ्यावर जास्त वेळ खिळून राहते, परंतु ज्यांना नैराश्याने ग्रासलेले आहे त्यांच्यात हे आढळत नाही. म्हणजे डोळे तेच, चेहरा तोच, आणि मन खचलेले असले की नजर तेथे ठरत नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सासरमाहेर दूर, नवरा रात्री नऊला येणारा, अशा स्थितीत तीन-तीन महिने अखंड जागरण करणाऱ्या बाईने एखाद्या संध्याकाळी मुलाकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, तर तिच्या मायेवर शंका घेणाऱ्यांनी आधी त्या घरात दुसरी नजर का नव्हती याची चौकशी करावी.

पत्नीचा डोळा आता बरा आहे. वायूचा बुडबुडा विरला, मान वर झाली, आणि नातीला पहिल्यांदा समोर धरले तेव्हा ती कितीतरी वेळ काही न बोलता पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही सांगितलंत तशीच आहे.’

मुलगा ठाण्यापलीकडे कामाला आहे आणि त्याचीही घरी येण्याची वेळ माझ्या त्या काळच्या वेळेसारखीच आहे. दिवसभर तो भ्रमणध्वनीवर मुलीची छायाचित्रे मागवतो आणि आम्ही पाठवतो. गेल्या शनिवारी तो लवकर आला, पायातले बूट काढता काढता त्याने दारातूनच विचारले, ‘बाबा, बरी आहे ना ही?’ माझ्या तोंडावर उत्तर आले होते. ते मी दिले नाही. मुलीला उचलून त्याच्या हातात दिले आणि म्हणालो, ‘तूच सांग, कशी दिसतेय.’ तो गोंधळला. खुर्चीवर बसला, तिला मांडीवर समोरासमोर धरले. खालून फाटकाशी कोणीतरी रिक्षाला हाक मारीत होते, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊन गेली, आणि बऱ्याच वेळाने, मान वर न करताच, त्याने विचारले, ‘हसायच्या आधी हिची डावी भुवई थोडी वर जाते. नेहमीच जाते का?’